डब्लिनची स्टेला : एका वंशावळीचा शोध

आयर्लंडमध्ये पाहुणे आले की टेंपल बार, ट्रिनिटी कॉलेज, गिनेसची फॅक्टरी आणि सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल ही ठरलेली फेरी असते. कॅथेड्रलमध्ये सगळे एका थडग्यापाशी थांबतात, कारण ते जोनाथन स्विफ्टचं आहे. गलिव्हर आणि लिलिपुटच्या अंगठ्याएवढ्या माणसांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना मराठीतूनच वाचलेली असते. ती लिहिणारा हा माणूस १७१३ पासून १७४५ मध्ये मरेपर्यंत या कॅथेड्रलचा डीन, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी होता. त्याच्या पितळी पाटीला लागूनच दुसरी एक पाटी आहे, तिच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ती पाटी एस्थर जॉन्सनची. इंग्रजी साहित्यात तिला स्टेला म्हणतात.

स्टेला इंग्लंडमध्ये जन्मली, विसाव्या वर्षी आयर्लंडला आली आणि इथेच गेली. ती गेल्यावर तीसेक वर्षांनी एक प्रश्न छापून आला आणि आजही स्विफ्टच्या प्रत्येक चरित्रात त्याच्यासाठी पानं खर्ची पडतात. ही बाई नेमकी कुणाची मुलगी? आणि स्विफ्टची ती कोण? ज्यांना घरच्या वंशावळीत रस आहे त्यांनी ही कहाणी जरूर वाचावी, कारण कागदांच्या आधारे माणूस शोधताना कुठे पाय घसरतो याचे जवळजवळ सगळे नमुने तिच्यात आहेत.

आधी पक्की माहिती बघू. एस्थरचा जन्म १३ मार्च १६८१ ला लंडनजवळच्या सरे परगण्यात, रिचमंडला झाला. त्याच महिन्यात तिथल्या चर्चच्या वहीत तिच्या बाप्तिस्म्याची नोंद झाली. वडील एडवर्ड जॉन्सन, आई ब्रिजेट. मुलीचं नाव तिथे हेस्टर असं लिहिलंय. हेस्टर आणि एस्थर हे त्या काळी एकच नाव समजलं जायचं, लिहिणारा जे ऐकेल ते लिही. आपल्याकडे एकाच कुटुंबातल्या तीन भावांच्या पासपोर्टवर आडनावाची तीन स्पेलिंगं असतात, तसलाच प्रकार.

नोंदीतलं साल बघितलं तर मात्र पहिला गोंधळ होतो. त्या काळी इंग्लंड-आयर्लंडमध्ये सरकारी वर्ष १ जानेवारीला नाही, तर २५ मार्चला बदलायचं. म्हणजे १३ मार्चला जन्मलेलं मूल जुन्या हिशेबाने १६८० चं आणि आजच्या हिशेबाने १६८१ चं. तिच्या कॅथेड्रलमधल्या पाटीवर मृत्यूचं साल १७२७-८ असं जोडून लिहिलेलं आहे, त्याचं कारणही हेच. १ जानेवारीला वर्ष सुरू करायची पद्धत इथे १७५२ पासून आली. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपला शक पाडव्याला बदलतो, म्हणून पौष-माघातल्या घटनेचं इंग्रजी साल काढताना ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. जुन्या मराठी कागदांवर काम करणाऱ्यांना हा एका वर्षाचा फरक चांगलाच ठाऊक असतो.

एस्थरची आई ब्रिजेट ही लेडी गिफर्ड नावाच्या विधवा बाईच्या पदरी होती. लेडी गिफर्ड आपला भाऊ सर विल्यम टेंपल याच्या घरी राहायची. हा टेंपल म्हणजे बडी असामी. निवृत्त मुत्सद्दी, लेखक, राजाचा सल्लागार. सरेमध्येच फार्नहॅमजवळ मूर पार्क नावाचा त्याचा वाडा होता. त्याचं घराणं आयर्लंडशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं. आजोबा ट्रिनिटी कॉलेजचे प्रोव्होस्ट होते आणि डब्लिनच्या टेंपल बार भागाला याच घराण्याचं नाव पडलं असं मानतात. वडील सर जॉन टेंपल आयर्लंडच्या न्यायखात्यात मास्टर ऑफ द रोल्स या मोठ्या पदावर होते. एस्थर या वाड्यात वाढली. नोकरमाणसांच्या मुलीला त्या काळात मिळणार नाही इतकं शिक्षण तिला मिळालं.

१६८९ मध्ये टेंपलकडे एक बावीस वर्षांचा सेक्रेटरी कामाला लागला. डब्लिनमध्ये जन्मलेला, जन्माआधीच बाप वारलेला, काकांच्या पैशावर शिकलेला हा मुलगा म्हणजे जोनाथन स्विफ्ट. एस्थर तेव्हा आठ वर्षांची होती. तो तिचा शिक्षक झाला. काय वाचायचं, कसं लिहायचं, हे त्याने तिला शिकवलं. तो मध्ये मध्ये आयर्लंडला जाऊन परत आला आणि शेवटची काही वर्षं मूर पार्कलाच राहिला.

जानेवारी १६९९ मध्ये टेंपल वारला आणि त्याचं मृत्युपत्र उघडलं गेलं. त्यात एस्थर जॉन्सनच्या नावाने आयर्लंडमधल्या विकलो परगण्यातल्या मॉरिसटाउन इथल्या जमिनीचा भाडेपट्टा ठेवलेला होता. मृत्युपत्रात तिची ओळख काय दिलीय? टेंपलच्या बहिणीची नोकर. एवढंच. पुढच्या सगळ्या चर्चेचं मूळ या एका ओळीत आहे. बहिणीच्या नोकर मुलीला कुणी जमीन देतं का?

यानंतर स्विफ्ट आयर्लंडला गेला आणि डब्लिनपासून पन्नासेक किलोमीटरवर, मीथ परगण्यातल्या लॅराकोर गावी धर्मगुरू झाला. १७०१ मध्ये एस्थरही आयर्लंडला आली. बरोबर तिची मैत्रीण रेबेका डिंगली होती. ही टेंपलच्या नात्यातली, एस्थरपेक्षा वयाने बरीच मोठी आणि पैशाने बेताची. येण्याचं कारण स्विफ्टने नंतर लिहून ठेवलंय आणि ते आपल्या ओळखीचं आहे. एस्थरकडे सगळी मिळून दीडेक हजार पौंडांची पुंजी होती. इंग्लंडमध्ये त्यावर व्याज कमी आणि खर्च जास्त. आयर्लंडमध्ये तेव्हा व्याज दहा टक्के मिळायचं आणि जगणं निम्म्या खर्चात व्हायचं. थोडक्यात, हिशेब करून केलेलं स्थलांतर. आजचं डब्लिनचं घरभाडं बघता स्वस्ताईसाठी कुणी इथे येत असे यावर विश्वास बसत नाही, पण तेव्हा ते खरं होतं.

एक तरुण मुलगी एका अविवाहित पाद्र्याच्या मागोमाग समुद्र ओलांडून येते म्हटल्यावर लोक बोलणारच, आणि ते बोलले. पण या तिघांनी एक नियम घालून घेतला आणि तो शेवटपर्यंत पाळला. स्विफ्ट गावाला गेला की दोघी त्याच्या घरी राहायच्या. तो परत आला की दोघी आपल्या भाड्याच्या जागेत जायच्या. एस्थर आणि स्विफ्ट कधीच एकटे भेटत नसत, डिंगली किंवा दुसरं कुणीतरी बरोबर असायचंच. ही व्यवस्था सत्तावीस वर्षं चालली. ट्रिमहून लॅराकोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पडक्या घराचा सांगाडा आहे, त्याला अजूनही स्टेलाची कॉटेज म्हणतात.

ती कशी होती? लहानपणी आजारी असायची, पंधराव्या वर्षानंतर तब्येत सुधारली. काळेभोर केस, थोडी अंगाने भरलेली, बोलणं नेमकं आणि मिश्कील. डब्लिनच्या विद्वान मंडळींच्या बैठकीत ती बरोबरीने बसायची. चोविसेक वर्षांची असतानाचा तिचा एक किस्सा स्विफ्टने लिहून ठेवला आहे. घर फोडायला चोर आले. घरात सगळी बायामाणसं आणि एक पोऱ्या, सगळ्यांची गाळण उडालेली. हिने अंधारात दिसू नये म्हणून डोक्यावर काळं कापड घेतलं, पिस्तुलात नव्याने बार भरला, आवाज न करता खिडकी वर सरकवली आणि एका चोरावर गोळी झाडली. त्याला साथीदारांनी उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. आयर्लंडचा त्या वेळचा सर्वोच्च अधिकारी ड्यूक ऑफ ऑर्मंड याने तिच्या धाडसाचं तोंडभरून कौतुक केलं.

१७०४ मध्ये टिसडॉल नावाच्या एका पाद्र्याने तिला मागणी घातली होती. ते लग्न झालं नाही. पुढे १७१० ते १७१३ या काळात स्विफ्ट राजकारणासाठी लंडनला होता. तिथून त्याने एस्थर आणि डिंगली या दोघींच्या नावाने रोजनिशीसारखी ६५ पत्रं लिहिली. दरबारातल्या भानगडी, जेवणात काय होतं, कुणाला सर्दी झाली, सगळं त्यात आहे. ही पत्रं पुढे जर्नल टू स्टेला या नावाने पुस्तकरूपात आली. त्या काळचं लंडन समजून घ्यायला आजही ती वाचतात. पण ती एकाच बाजूची आहेत. एस्थरने लिहिलेली उत्तरं शिल्लक नाहीत. तिच्या नावावरच्या दोन-तीन कविता, स्विफ्टच्या कवितांच्या तिने हाताने केलेल्या नकला आणि स्विफ्टने टिपून ठेवलेली तिची काही हजरजबाबी वाक्यं, एवढाच ऐवज उरला.

स्टेला हे नावही तिचं स्वतःचं नाही. ते स्विफ्टने कवितेत दिलेलं. १७१९ पासून तो तिच्या वाढदिवसाला कविता लिहायला लागला आणि ते शेवटच्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे १७२७ पर्यंत चाललं.

मध्ये एक दुसरी एस्थरही येते, एस्थर व्हॅनहॉमरी. मूळच्या डच व्यापाऱ्याची ही मुलगी, तिचे वडील डब्लिनचे लॉर्ड मेयर होऊन गेलेले. स्विफ्टने हिचं नाव व्हॅनेसा ठेवलं होतं. लंडनमध्ये ती स्विफ्टच्या प्रेमात पडली आणि त्याच्यामागे आयर्लंडला आली. सेलब्रिजला तिचं घर होतं. १७२३ मध्ये ती वारली. जाताना तिने आपली संपत्ती दोघांना वाटून दिली, त्यातला एक तत्त्वज्ञ बर्कली. स्विफ्टला काहीही ठेवलं नाही. एकाच गावात, एकाच माणसाभोवती दोन एस्थर. पुढच्या लोकांना कादंबरीसाठी यापेक्षा जास्त काय हवं?

स्टेला २८ जानेवारी १७२८ ला, रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास गेली. स्विफ्टला रात्री आठला निरोप मिळाला. घरात पाहुणे होते. ते गेल्यावर त्याच रात्री तो तिच्याविषयी लिहायला बसला. दोन दिवसांनी रात्री कॅथेड्रलमध्ये दफनविधी झाला. तो स्वतः आजारी होता, गेला नाही. त्याच्या झोपायच्या खोलीची खिडकी कॅथेड्रलसमोर होती आणि आतला उजेड दिसू नये म्हणून त्या रात्री त्याने खोली बदलली. हेही त्याने त्याच लेखात नोंदवलंय.

त्याच लेखात त्याने तिच्या कुळाबद्दलही सांगितलं आहे. वडील नॉटिंगहॅमशरच्या एका चांगल्या घरातले धाकटे चिरंजीव, आई त्यापेक्षा खालच्या घरची, आणि जन्माच्या बाबतीत मिरवावं असं तिच्याकडे फार काही नव्हतं. सत्तावीस वर्षं रोज भेटलेल्या माणसाने दिलेली ही माहिती. इथे विषय संपायला हवा होता.

पण तसं झालं नाही. स्विफ्ट गेल्यावर सात वर्षांनी, १७५२ मध्ये लॉर्ड ऑररीने त्याच्यावर पुस्तक काढलं. त्यात स्टेला टेंपलच्या कारभाऱ्याची मुलगी असल्याचं होतं, आणि शिवाय १७१६ मध्ये स्विफ्टने तिच्याशी गुपचूप लग्न केलं असंही होतं. हे लग्न क्लॉगरचे बिशप सेंट जॉर्ज अ‍ॅश यांनी लावलं अशी कथा आहे. त्यांचं निधन १७१८ मध्येच झालेलं, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. लग्नाची नोंद कुठल्याही चर्चच्या वहीत मिळालेली नाही. स्विफ्टच्या जवळच्या माणसांतही दोन तट होते. काहींना लग्न झाल्याची खात्री होती, तर स्विफ्टची घरकाम बघणारी बाई ते साफ खोटं म्हणायची.

मग १७५७ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये नुसती आद्याक्षरं टाकून एक लेख आला. त्याचं म्हणणं असं की, स्टेला ही टेंपलचीच मुलगी, आणि स्विफ्टसुद्धा टेंपलचाच मुलगा. म्हणून लग्न झालं असलं तरी त्यांना नवरा-बायको म्हणून राहता आलं नाही. यातला स्विफ्टचा भाग तारखांवर लगेच पडतो. स्विफ्टचा जन्म ३० नोव्हेंबर १६६७ चा आणि टेंपल १६६५ पासून ब्रुसेल्सला वकील म्हणून होता. पण अफवेला तारखांचं काय पडलंय?

विसाव्या शतकात आयरिश नाटककार डेनिस जॉन्स्टन याने हा धागा पुन्हा उचलला. १९५९ मध्ये त्याचं यावरचं पुस्तक आलं. स्विफ्टचे वडील डब्लिनच्या किंग्ज इन्स या वकिलांच्या संस्थेत कारभारी होते. तिथली जुनी दप्तरं चाळून जॉन्स्टनने तारखांचा नवा हिशेब मांडला. त्याच्या मते स्विफ्ट हा सर जॉन टेंपलचा, म्हणजे विल्यम टेंपलच्या बापाचा मुलगा, आणि स्टेला विल्यमची मुलगी. म्हणजे दोघं सावत्र नात्याने काका-पुतणी. आणि म्हणूनच ती डिंगली कायम मध्ये बसलेली. ऐकायला हे उत्तर फार समाधानकारक वाटतं. प्रत्येक विचित्र गोष्टीचा खुलासा एका फटक्यात होतो. आजच्या बहुतेक अभ्यासकांना मात्र ते पटत नाही, कारण त्यात अंदाजावर अंदाज रचलेले आहेत.

मी रोज डेटाबेसमध्ये काम करतो, त्यामुळे मला यात एक साधी गोष्ट दिसते. रकाना रिकामा असणं आणि त्यात नाही असं लिहिलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाची नोंद मिळत नाही, याचा अर्थ लग्न झालं नाही असा होत नाही, आणि ते गुपचूप झालं असाही होत नाही. एडवर्ड जॉन्सनबद्दल फारसं काही सापडत नाही. कुणी त्याला कारभारी म्हणतं, कुणी व्यापारी. पण म्हणून तो कागदोपत्री बाप आणि खरा कुणी दुसरा, हे सिद्ध होत नाही. साध्या माणसांबद्दल कागद कमीच असतात. आपल्या चौथ्या पिढीतल्या किती आजोबांबद्दल एका ओळीपेक्षा जास्त लिहिलेलं सापडतं?

राहिला तो जमिनीचा प्रश्न. टेंपलने तिला जमीन का दिली? इथे टेंपलच्या घरात काय घडलं होतं ते बघायला हवं. त्याला नऊ मुलं झाली. सात तान्ही असतानाच गेली. उरलेल्यांपैकी लाडकी मुलगी डायना १६७९ मध्ये देवीच्या आजाराने गेली, चौदा वर्षांची होती. राहिलेला मुलगा जॉन, त्याने १६८९ मध्ये थेम्स नदीत उडी घेऊन जीव दिला. १६९५ मध्ये बायको डोरोथी गेली. डायना गेल्यावर दोन वर्षांतच बहिणीच्या दासीला मुलगी झाली आणि ती त्या रिकाम्या झालेल्या घरात, त्याच्या डोळ्यांसमोर वाढली. अशा म्हाताऱ्याने त्या मुलीला शिकवलं आणि जाताना काही दिलं, यासाठी ती त्याच्या रक्ताचीच असायला पाहिजे का? मला तरी तसं वाटत नाही. आपल्याकडेही पूर्वीच्या वाड्यांतून कामाच्या बायकांची मुलं घरच्यांबरोबर शिकलेली आहेत. तिथेही मागून कुणी ना कुणी कुजबुज केलेली असतेच.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. स्टेलाने मरायच्या चार आठवडे आधी, ३० डिसेंबर १७२७ ला मृत्युपत्र केलं. या पूर्ण कहाणीत तिने स्वतःबद्दल स्वतः सांगितलेला हा एकमेव मोठा मजकूर आहे. त्यात ती स्वतःला डब्लिन शहरातली अविवाहित स्त्री म्हणवते. तिच्या पाटीवर मिसेस लिहिलेलं बघून अनेकांना ती लग्न झालेली वाटते. पण त्या काळी मिसेस हे कुठल्याही प्रौढ, प्रतिष्ठित बाईला लावत, लग्न असो वा नसो. शब्द तोच राहतो, अर्थ बदलतो, आणि तीनशे वर्षांनी वाचणारा फसतो.

मृत्युपत्रात तिने हजार पौंड वेगळे काढले. त्यांचं उत्पन्न आधी आई आणि बहीण यांना, त्या हयात असेपर्यंत. आईचं नाव आता ब्रिजेट मोझ आहे, कारण एडवर्ड वारल्यावर तिने टेंपलकडच्याच मोझ नावाच्या माणसाशी लग्न केलेलं. बहीण अ‍ॅन, सासरचं आडनाव फिल्बी. म्हणजे ज्या नात्यांवर लोक दोनशे वर्षं तर्क लढवत होते, ती नाती तिने स्वतः नावानिशी मांडून ठेवली होती. त्या दोघींनंतर ते उत्पन्न डॉ. स्टीव्हन्स हॉस्पिटलमधल्या पाद्र्याच्या पगारासाठी जावं असं तिने लिहिलं. आणि पुढे एक अट घातली. या राज्यातलं एपिस्कोपल चर्च कधीकाळी राष्ट्रीय चर्च राहिलं नाही, तर ही देणगी रद्द होऊन ते उत्पन्न त्या वेळी हयात असलेल्या तिच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाला मिळावं. हे राष्ट्रीयत्व कायद्याने १८६९ मध्ये काढलं गेलं आणि १८७१ च्या पहिल्या दिवसापासून ते अमलात आलं. म्हणजे स्टेलाचे नातेवाईक कोण, हा प्रश्न नुसता गप्पांचा नव्हता. तिच्या स्वतःच्या शब्दांत तो कायदेशीर प्रश्न होता.

त्याच कागदात अजून एक नाव आहे. ब्रायन मॅक्लॉक्लिन. तिच्या घरी राहणारं, तिने दयाबुद्धीने सांभाळलेलं एक मूल. त्याला कुठल्यातरी धंद्यात उमेदवारीला लावण्यासाठी तिने पंचवीस पौंड ठेवले. यावरही लोकांनी तर्क केलेच, हे मूल कुणाचं म्हणून. टेंपलच्या वाड्यात दुसऱ्याच्या आधाराने वाढलेल्या मुलीने पुढे स्वतःच्या घरात एक परकं मूल आधाराला घेतलं आणि जाताना त्याची सोय केली. टेंपलने तिच्यासाठी जे केलं, तेच तिने आपल्या ऐपतीप्रमाणे केलं. तिच्या बाबतीतला संशय आणि त्या मुलाच्या बाबतीतला संशय, दोन्ही एकाच जातीचे.

हा कागद आपल्यापर्यंत पोचला हेही नशीबच. आयर्लंडची सरकारी दप्तरं डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये ठेवलेली होती. यादवी युद्धात ३० जून १९२२ ला तिथे स्फोट होऊन आग लागली आणि जुनी मृत्युपत्रं, जनगणनेच्या वह्या, चर्चच्या नोंदी असे शेकडो वर्षांचे कागद जळून गेले. शहरभर जळक्या कागदांचे कपटे उडत होते म्हणतात. पण स्टेलाचं मृत्युपत्र त्याआधीच छापलं गेलेलं होतं. डब्लिनचे डॉक्टर विल्यम वाइल्ड, म्हणजे ऑस्कर वाइल्डचे वडील, यांनी स्विफ्टच्या शेवटच्या वर्षांवर १८४९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना ते घ्यावंसं वाटलं म्हणून ते वाचलं. आता ट्रिनिटी कॉलेज आणि इतर संस्थांनी मिळून जळालेल्या दप्तरखान्याच्या जगभर विखुरलेल्या नकला गोळा केल्या आहेत. २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्या सगळ्यांना मोफत खुल्या केल्या. घरबसल्या शोधता येतं.

वाइल्ड यांच्या पुस्तकामागे एक विचित्र प्रसंग होता. कॅथेड्रलखालून पॉडल नावाची नदी वाहते आणि तळघरात पाणी शिरायचं. १८३५ मध्ये दुरुस्तीसाठी खणताना स्विफ्ट आणि स्टेलाच्या शवपेट्या उघड्या पडल्या. तेव्हा डब्लिनमध्ये विज्ञान परिषद भरली होती आणि कवटीच्या आकारावरून स्वभाव सांगायचं खूळ जोरात होतं. दोघांच्या कवट्या बाहेर काढून विद्वानांच्या घरी फिरवल्या गेल्या, मोजमापं झाली आणि मग परत पुरल्या. हयातीत कुणाची कोण म्हणून चघळली गेलेली बाई मेल्यावरही सुटली नाही.

हे सगळं अठराव्या शतकातल्या इंग्रज बाईचंच दुखणं आहे असं नाही. स्टेला गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, १७२९ मध्ये, बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला गेला आणि मस्तानी मराठ्यांच्या इतिहासात आली. तिचे आई-वडील कोण यावर आपल्याकडे अजून वाद आहेत. तिचंही स्वतःचं म्हणणं सांगणारा कागद नाही. आपल्या कुलवृत्तांतांत बघा. पुरुषांच्या बारा-पंधरा पिढ्या ओळीने मिळतात. सुनेचं नाव असलं तर लग्नानंतर बदललेलं, माहेरचं नाव गायब, आणि लेक लग्न होऊन गेली की तिथे रेघ संपते. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येऊन वंशावळ वाचतात, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे वह्या आहेत. त्यातही मुख्य धागा वडिलांचाच.

त्यामुळे परदेशात जन्मलेल्या मुलांना शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगतात तेव्हा बापाची बाजू भराभर भरते आणि आजीच्या आईपाशी पेन थांबतं. स्टेलाच्या बाबतीत निदान तीन कागद आहेत, बाप्तिस्म्याची नोंद, टेंपलचं मृत्युपत्र आणि तिचं स्वतःचं. तिन्ही एकमेकांशी जुळतात. आई ब्रिजेट, वडील एडवर्ड, बहीण अ‍ॅन. बाकीचं सगळं लोकांनी नंतर जोडलेलं.

स्विफ्ट तिच्यानंतर सतरा वर्षं जगला. डिंगली १७४३ मध्ये गेली. शेवटी शेवटी स्विफ्टची स्मृती गेली होती. त्याने आपला पैसा मनोरुग्णांच्या हॉस्पिटलसाठी ठेवला. ते सेंट पॅट्रिक्स हॉस्पिटल १७५७ मध्ये उघडलं आणि अजून सुरू आहे. स्टेलाने ज्याच्यासाठी पैसे ठेवले ते डॉ. स्टीव्हन्स हॉस्पिटल ती गेल्यावर पाच वर्षांनी, १७३३ मध्ये सुरू झालं. ते उभं केलं ग्रिझेल स्टीव्हन्स नावाच्या बाईने, भावाच्या इच्छेप्रमाणे. ती तोंडावर बुरखा घ्यायची, तर गावाने तिचं तोंड डुकराचं असल्याची आवई उठवली! हॉस्पिटल १९८७ मध्ये बंद झालं. त्या इमारतीत आता एचएसईचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं मुख्यालय आहे. आपल्या कितीतरी नर्स आणि डॉक्टर मंडळींच्या नोकरीच्या कागदांवर डॉ. स्टीव्हन्सचा पत्ता येतो. ह्यूस्टन स्टेशनमधून बाहेर पडलं की समोरच ती दगडी इमारत दिसते.

पुढच्या वेळी पाहुण्यांना कॅथेड्रलला न्याल तेव्हा स्विफ्टच्या शेजारची पाटीही दाखवा. आणि आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर असतील तेव्हा आजीच्या आईचं माहेरचं नाव आणि गाव विचारून लिहून ठेवा. तारीख लिहिताना शक की सन, तेही लिहा.